रेडियम निघतं, गम राहतो: जुन्या गाडीचं रॅप घरच्या घरी काढताना

मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी आठ वाजता मी आमच्या लाल वॅगन आरच्या बॉनेटवर नखानं एक कोपरा उचलला. हातात काय आलं, तर नखाएवढा पिवळा तुकडा. दुसऱ्यांदा उचलला, पुन्हा नखाएवढाच. बॉनेटभर असे तुकडे किती होतील याचा मनातल्या मनात हिशोब केला आणि आत जाऊन चहा ठेवला.

गाडी २०१४ची. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सुरू केलं आणि पुढं मी चालवलं. २०१७ साली गाडी जाहिरातीनं मढवून घेतली. बॉनेट आणि छत अख्खं पिवळं, चारी दरवाज्यांवर पांढरी ठसठशीत अक्षरं, मागच्या काचेवर फोन नंबर. गेल्या दिवाळीत स्कूल बंद केलं, शिकवणाऱ्याच्या पायाशी असलेले जादाचे क्लच-ब्रेक काढून टाकले आणि गाडी घरच्या वापराला ठेवायची ठरली. पण पिवळ्या बॉनेटची गाडी घेऊन लग्नाला गेलं की मांडवाच्या दारातच कोणीतरी विचारतं, "ताई, कितीला शिकवता?"

दोन दुकानांत विचारून आले. दोघंही म्हणाले, काढून देतो, पण खालचा रंग निघाला तर आम्ही जबाबदार नाही. म्हटलं, जबाबदारी माझीच असणार असेल तर हातही माझाच असू दे. तीन रविवार आणि मधल्या दोन संध्याकाळी गेल्या. जे जमलं ते सांगते, आणि एका दरवाज्याची वाट कशी लागली तेही सांगते, कारण शिकण्यासारखं जास्त तिथंच आहे.

आपल्याकडं विनाइल, रॅप, स्टिकर, अंधारात चमकणारी पट्टी या सगळ्याला एकच नाव: रेडियम. खऱ्या रेडियमशी त्याचा काडीचा संबंध नाही. ही असते पीव्हीसीची पातळ फिल्म आणि तिच्या पाठीला दाबलं की चिकटणारा ॲक्रिलिक गम. पीव्हीसी मुळात कडक. ती वाकावी, गोलाईवर बसावी म्हणून तिच्यात मऊपणा आणणारं तेलकट द्रव्य घातलेलं असतं. उन्हापावसात ते वर्षागणिक कमी होत जातं. काही उडून जातं, काही खाली गममध्ये मुरतं. त्यामुळं वरची फिल्म पापडासारखी होते आणि खालचा गम उलट लोण्यासारखा. जुनं रेडियम काढताना जो छळ होतो तो एवढ्यावरून.

फिल्म दोन जातींची असते. स्वस्तातली रोलरखाली लाटून केलेली, पोळीसारखी. महागातली ओतून केलेली, धिरड्यासारखी. लाटलेल्या फिल्मला ताणाची आठवण राहते, ती वर्षभरात आकसायला लागते. आमची लाटलेलीच होती. कडेनं दोन-दोन मिलीमीटर आकसली होती आणि उघड्या पडलेल्या गमवर जे मिळेल ते चिकटलं होतं. बॉनेटच्या कडेला भिंग धरल्यासारखं जवळून बघितलं तर एक बारीक गुलाबी रेघ दिसली. जोतिबाचा गुलाल. गाडी डोंगरावर शेवटची गेली त्याला तीन वर्षं झाली होती.

आता मूळ युक्ती. ती तुम्हाला ठाऊक आहे, फक्त गाडीवर लावलेली नाही. नवीन स्टीलचा डबा आणला की त्याच्यावरचा स्टिकर आपण कसा काढतो? डबा आतल्या बाजूनं गॅसवर जरा शेकायचा आणि कोपरा धरून सावकाश ओढायचा. कमी शेकला तर कागद फाटतो. जास्त शेकला तर स्टिकर हातात येतो, पण गम डब्यालाच राहतो. या दोन्हींच्या मधे एक घडी असते, तेव्हा स्टिकर गमसकट उचलून येतो. गाडीवरही तेच. गम फिल्मला जास्त धरून आणि पत्र्याला कमी धरून असला पाहिजे. गार असताना फिल्म तुटते, फार तापला की गमचे मधूनच दोन भाग होतात, अर्धा फिल्मवर, अर्धा गाडीवर. ती मधली घडी साधारण पन्नास ते साठ अंशांवर सापडते. मोजायला यंत्र नको, तळहात पुरे. पत्र्यावर हात ठेवला आणि दोन-तीन सेकंदांत उचलावासा वाटला की बरोबर. ठेवताक्षणीच उचलावा लागला तर थांबा. कोविडच्या वेळचं कपाळाला रोखायचं थर्मामीटर मी काढून बघितलं, पण ते ताप बघायला केलेलं, पत्र्याच्या गरमीला त्याची धाव पुरत नाही.

आधी गाडीची कुंडली मांडा

ही पायरी मी निम्मी केली आणि निम्म्याचीच शिक्षा भोगली.

कंपनीतून आलेला रंग भट्टीत सुमारे १४० अंशांवर भाजलेला असतो. गॅरेजमध्ये मारलेला रंग साठ-सत्तर अंशांच्या बूथमध्ये वाळतो, आणि लहान गॅरेजात तर नुसत्या उन्हात. पहिल्यावरून रेडियम काढायला फारसं भ्यायचं कारण नाही. दुसऱ्यावरून काढताना रंग बरोबर येऊ शकतो, आणि खाली पुट्टी भरलेली असेल तर पुट्टीचा पोपडाही. म्हणून कुठला पत्रा मूळचा आणि कुठला नंतर रंगवलेला, हे आधी पाठ पाहिजे.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला तर प्रत्येक कोचाला एक गोष्ट असते. पुढचा बंपर कळंबा रोडला डिव्हायडरवर. मागचा डावा कोपरा रिव्हर्स शिकताना विजेच्या खांबाला. आणि मागचा डावा दरवाजा एका शिकाऊ काकांनी त्यांच्याच गेटला घासला, गेट रंगवून आठवडा झाला नव्हता म्हणून दोघांचीही नुकसानी. तो दरवाजा उद्यमनगरात रंगवून घेतला आणि चौथ्या दिवशी गाडी रेडियमवाल्याकडं नेली. घाई माझीच, शाळा सुटायच्या आत ॲडमिशन धरायच्या होत्या. नव्या रंगातून कितीतरी दिवस सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ करायला घातलेलं द्रव्य, बाहेर पडत असतो. त्याला निदान तीन-चार आठवडे मोकळा श्वास द्यायला हवा. त्याच्यावर चौथ्या दिवशी फिल्म म्हणजे अंग ओलं असताना रेनकोट. गम आणि रंग एकमेकांत मुरले ते मुरलेच.

जुनी गाडी विकत घेतली असेल आणि इतिहास माहीत नसेल तर पेंटरकडं रंगाची जाडी मोजायचं छोटं मशीन असतं. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) भरतो. दोनशेच्या पुढं आकडा गेला की कुणीतरी हात मारलाय समजा. पाचशे-हजार आला तर खाली पुट्टी आहे. मशीन नसेल तर फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा. पुट्टीवर ते ढिलं पडतं. दरवाज्याच्या आतल्या कडेला रबराखाली रंगाची रेघ, बोल्टच्या डोक्यावर रंग, याही खुणा असतात.

सामान

एक हीट गन, साधी अठराशे वॅटची. केस वाळवायचा ड्रायरही चालतो, फक्त त्याला तिप्पट वेळ लागतो आणि घरातल्या मुलीची बोलणी खावी लागतात. कपड्यांचा वाफेचा स्टीमर कुणाकडं असेल तर उसना आणा, का ते पुढं सांगते. प्लास्टिकच्या पट्ट्या हव्यात, म्हणजे मुदत संपलेली बँकेची कार्डं. चार घेऊन बसा, कडा झिजतात. लोखंडी पत्री, ब्लेड, कालथा यांना गाडीच्या आसपास फिरकू देऊ नका. निळे नायट्रिल हातमोजे. लक्ष्मीपुरीतून एक लिटर टर्पेंटाइन. रॉकेल मिळत असेल तर तेही उत्तम, पण रेशनवरचं निळं रॉकेल आता कुठं दिसतंय! जुने सुती बनियन आणि धुतलेले पंचे जेवढे मिळतील तेवढे. आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्या, धुऊन, कापून सपाट केलेल्या. आमच्याकडं गोकुळच्या साठल्या होत्या.

काम सुरू करायच्या आधी गाडी शाम्पूनं धुवा. धुळीवर काही घासलं की ती धूळच पॉलिश पेपरचं काम करते.

काळ-वेळ बघा. आमच्याकडं जून ते सप्टेंबर हा नाद सोडाच. फिल्म गार, पत्रा ओला, वर हवा दमट. फेब्रुवारी ते एप्रिल चांगला, मे महिन्यात दुपारनंतर वळीव कधी गाठेल सांगता येत नाही. फिल्म काढायचं काम सकाळी दहा ते एक, गाडी उन्हात तापू द्यायची म्हणजे हीट गनचं निम्मं काम फुकटात होतं. गम काढायचं काम मात्र सावलीत, संध्याकाळी, गार पत्र्यावर. उन्हात टर्पेंटाइन गमवर काम करायच्या आधीच उडून जातं.

फिल्म

सुरुवात सोप्या जागेपासून करा, म्हणजे हाताला अंदाज येतो. दरवाजे उभे असतात, त्यांच्यावर ऊन तिरपं पडतं, म्हणून तिथली फिल्म बॉनेट-छताच्या मानानं तरुण राहते. मी उजव्या पुढच्या दरवाज्यापासून सुरू केलं. तिथं "ड्रायव्हिंग" लिहिलं होतं.

हीट गन लो वर ठेवायची. लो म्हणजे सुद्धा तोंडाशी तीनशे अंशांच्या आसपास हवा येते, म्हणून अंतर वीतभर आणि हात कायम हलता. भिंतीला चुना देतो तसा. एका जागी धरून "किती झालं बघू" म्हणायचं नाही, तेवढ्यात क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, फोड येतो. तळहाताएवढा भाग पंधरा-वीस सेकंद शेकला, की कार्डाच्या कोपऱ्यानं कड उचलायची. दोन बोटांत नीट धरता येईल एवढी निघाली की ओढायला लागायचं, पण आपल्याकडं नाही. फिल्म स्वतःवरच उलटी दुमडून, पत्र्याला जवळजवळ लागून, मागं मागं न्यायची. काटकोनात वर ओढली की फिल्म तुटते किंवा खालचा कच्चा रंग उचलला जातो. वेग? एका सेकंदाला इंचभर पण नको. ऐकू आलं पाहिजे. नीट निघत असली की अगदी हलका चर्र असा एकसारखा आवाज येतो. टक्-टक् असा तुटक आवाज आला की गार पडलंय, थांबा, परत शेका. आवाजच बंद झाला आणि फिल्म रबरासारखी लांबायला लागली की जास्त झालंय, अर्धा मिनिट गार होऊ द्या.

अक्षरांची एक वेगळीच गंमत. "ड्रा" अखंड निघाला, काना ओढला तर मागोमाग सगळा आला. "य" सोपा. पण "व्हिं"वरचा अनुस्वार! दहा रुपयांच्या नाण्याएवढा ठिपका, धरायला कडच नाही. एकट्या अनुस्वाराला सहा मिनिटं लागली. वेलांट्यांचे शेंडेही असेच. देवनागरीत जाहिरात करणाऱ्याला त्या वेळी कुणी सांगत नाही की हे उद्या काढायचं आहे. तिसऱ्या अक्षरापासून मी शहाणी झाले. अक्षर शिरोरेषेपासून सुरू करायचं, शिरोरेषा आडवी सोलत नेली की खालचे पाय आपोआप लोंबत येतात.

बंपर, आरशाची टोपी, दाराच्या मुठी प्लास्टिकच्या. त्यांना पत्र्याच्या निम्मी उष्णता पुरे. प्लास्टिक उष्णता पसरवत नाही, एका जागी धरून ठेवतं, आणि मग वाकतं. तिथं मी हीट गन बंदच ठेवली. कडक गरम पाण्यात पंचा पिळून दोन मिनिटं दाबून धरला, पुरे झालं.

आता बॉनेट. इथं वरची सगळी हुशारी निकामी. आठ वर्षं गाडी पश्चिमेकडं तोंड करून बोळात उभी, रोज दुपारचं ऊन बॉनेटवर. फिल्मला इतक्या भेगा होत्या की जवळून बघितलं तर उन्हाळ्यातलं वाळलेलं तळंच. हीट गननं तुकडे आणखी ठिसूळ व्हायचे, काही चुरा होऊन उडायचे. तिथं स्टीमर कामाला आला. वाफ गरम करते पण जाळत नाही, आणि भेगांतून आत शिरते. एका हातानं स्टीमर दोन बोटं वर धरून सावकाश पुढं, दुसऱ्या हातातलं कार्ड त्याच्या मागोमाग, पत्र्याशी अगदी सपाट. तुकडे नखाएवढ्याचे तळहाताएवढे झाले. एवढ्यावरच मी खुश. तरीही नुसत्या बॉनेटला साडेचार तास, आणि मान दुसऱ्या दिवशी वळेना. छताला दुसरा रविवार.

स्टीमर नसेल तर जाडजूड पंचा गरम पाण्यात भिजवून पसरायचा, वरून दुधाच्या पिशव्यांचं प्लास्टिक झाकायचं, पाच मिनिटांनी एक कोपरा उचलून तेवढ्यावरच काम करायचं. वेळ लागतो, पण चालतं.

गम

फिल्म निघाली की लोकांना वाटतं काम संपलं. शेजारच्या काकू येऊन "निघालं की गं सगळं!" म्हणून गेल्या. गाडीवर हात फिरवला तर तळहात चिकटून बसला. खरं काम इथून पुढं.

सगळ्यात आधी: हीट गनचं बटण बंद करून, वायर काढून, ती घरात ठेवून या. टर्पेंटाइन, रॉकेल आणि गरम हवा एका जागी नकोत. काम उघड्यावर करा, बोळाच्या तोंडाशी कुणी बिडी ओढत असेल तर त्याला प्रेमानं हाकला. भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, मोकळ्यावर पसरून वाळवा.

टर्पेंटाइन कधीही आधी आडजागी लावून बघा. मी पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावलं. पांढऱ्या फडक्यावर पाच मिनिटांनी रंग आला नाही, म्हणजे हरकत नाही.

पद्धत अशी. फडकं भिजवून गमवर थापायचं, घासायचं नाही. हाताएवढ्या भागाला ओलं करून वर दुधाची पिशवी चिकटवायची, आतली बाजू खाली. यानं टर्पेंटाइन उडत नाही, गमवरच बसून राहतं. दहा मिनिटं. घड्याळ लावा, कारण पाचव्या मिनिटाला हात शिवशिवतात. मग पिशवी काढली की गम पिठल्यासारखा झालेला असतो. कार्ड सपाट धरून एकाच दिशेनं लोटत न्यायचा, कार्ड प्रत्येक वेळी पुसायचं, नाहीतर काढलेला गम दोन इंच पुढं नेऊन परत चिकटवाल. उरलेला पातळ थर ओल्या फडक्यानं, फडक्याची घडी सारखी बदलत. फडकं गोल-गोल फिरवलं की गम फक्त फिरायला जातो, बाहेर निघत नाही.

आमच्या घरी स्टिकरच्या चिकटावर खोबरेल तेल लावायची जुनी पद्धत आहे. आत्तींनी, माझ्या सासूबाईंनी, आरशाखालच्या एका ठिपक्यावर लावून दाखवलं, अर्ध्या तासात निघालाही. छोट्या डागाला खरंच चालतं. बॉनेटला चालवायचं तर वर्षभराचं तेल एका दिवसात जाईल.

ड्रिलला लावायचं रबराचं चाकही मिळतं, खोडरबरासारखं गम खोडून काढतं. दरवाज्याच्या कडेला चिकटवलेल्या दुतोंडी टेपसाठी मी ते वापरलं आणि ते छान आहे. ड्रिल सावकाश, चाक हलतं, एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही, कारण ते घासताना तापतं. मूळ रंगावरच. नंतर रंगवलेल्या पत्र्यावर आणि प्लास्टिकवर नाही.

आता तो दरवाजा. मागचा डावा. तिथली फिल्म तशी बरी निघाली होती, पण गम टर्पेंटाइनला दाद देईना. दोनदा दहा-दहा मिनिटं ठेवलं, नुसता मऊ व्हायचा. धाकटे भाऊजी बघायला आले होते. म्हणाले, "वहिनी, थिनर मारा की! दोन मिन्टात साफ. काय हुतंय!" मला माहीत होतं काय होतंय. तरी संध्याकाळचे सात वाजले होते, कंबर दुखत होती, आणि घरात रंगकामातून उरलेला एनसी थिनर होता. फडकं बुडवलं, एक हात मारला. गम निघाला. दुसरा हात मारला, फडकं गुलाबी. मी क्षणभर गुलालच समजले. तिसरा हात मारायच्या आत भाऊजींनीच हात धरला. पंजाएवढ्या जागेत चकाकी गेली, रंग सुरकुतला, मधे खालचा करडा प्रायमर दिसायला लागला. गॅरेजचा रंग थिनरमध्येच कालवून मारलेला असतो, बऱ्याचदा तो थिनरनंच परत विरघळतो. ॲसिटोन, नेलपेंट काढायचं पाणी, पेट्रोल, यांचंही तेच. पेट्रोल वर आणि दारांचं रबर फुगवतं. मागच्या लाइटच्या लाल काचेवर, ती प्लास्टिकचीच असते, थिनरचा शिंतोडा पडला तर ती कायमची धुरकटते.

त्या दरवाज्यावर काय करायला हवं होतं ते दुसऱ्या दिवशी पेंटरकाकांनी सांगितलं. काहीच नाही. गम मऊ असताना मैद्याचा गोळा किंवा जुनाच चिकट टेप त्यावर दाबून उचलत बसायचं, दहा वेळा, वीस वेळा. उरलेल्या दारावर मी मैद्याचा गोळा चालवला. विनोदी दिसतं, पण गम गोळ्यात जातो आणि रंग जागेवर राहतो. गोळा नंतर कोंबड्यांना टाकायचा नाही, हे सांगायला लागू नये.

काच

मागच्या काचेवरचा नंबर काढायला सोपा, काचेला रंगाची भीती नाही. साबणाचं पाणी मारायचं, नवीन ब्लेड तिरपं धरून सरकवायचं. पण आतल्या बाजूनं बारीक आडव्या तपकिरी रेघा असतील तर त्या काच तापवून वाफ घालवायच्या तारा आहेत. त्यांच्या बाजूला ब्लेड लावायचं नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अनेकांनी काचांवरच्या काळ्या फिल्म घाईघाईनं ओरबाडून काढल्या, तेव्हा कितीतरी गाड्यांच्या या तारा तुटल्या. तिथं वाफ आणि कार्ड, बस्स.

जाता जाता: आमचं रॅप अर्धवट होतं म्हणून प्रश्न आला नाही. पण ज्यांनी अख्ख्या गाडीचा रंग बदललाय त्यांनी विकायच्या आधी आरसीवर कुठला रंग लिहिलाय ते बघा आणि त्याप्रमाणे काढा.

नंतर जे दिसतं

सगळं निघालं की भांड्याच्या लिक्विडनं एकदा धुवा, एरवी गाडीला ते वापरू नये, पण आत्ता टर्पेंटाइनचा तेलकटपणा काढायचाच आहे. धुवायचं पाणी बादलीत धरा. रंकाळ्यावर किंवा पंचगंगेच्या घाटावर नेऊन हे धुणं धुऊ नका, आधीच काय कमी जातंय तिथं. धुतल्यावर पाणी मारून बघा. जिथं गमचा थर राहिलाय तिथं पाणी वेगळं वागतं, कडेनं अडून बसतं. तेवढ्याच जागा परत करा.

मग दोन गोष्टी दिसतील. एक, दरवाज्याच्या कडेनं सुतासारख्या सरळ रेघा. लावणाऱ्यानं फिल्म गाडीवरच कटरनं कापलेली असते, ब्लेड पत्र्यापर्यंत गेलेलं असतं. आमच्याकडं बॉनेटच्या कडेला एका रेघेत गंज धरला होता. कंपनीच्या रंगाच्या कोडाची छोटी टच-अप बाटली आणून, गंज हलका खरवडून, काडीपेटीच्या काडीनं भरून घेतलं.

दुसरी गोष्ट म्हणजे अक्षरांची सावली. अक्षराखालचा लाल रंग २०१७चा, आजूबाजूचा २०२५चा. पांढरी अक्षरं गेली आणि त्यांच्या जागी गडद लाल "ड्रायव्हिंग" उभं राहिलं. लाल रंग उन्हाला सगळ्यात आधी हार मानतो, त्यामुळं आमच्या गाडीवर तर लांबून वाचता येत होतं. इथं सगळे एक चूक करतात, अक्षरावर रबिंग, म्हणजे रंग घासून चकाकी आणायची दाणेदार पेस्ट, घासत बसतात. अक्षर ठीक आहे. खराब झालाय तो आजूबाजूचा रंग. रबिंग त्याच्यावर करायचं, अक्षराच्या बाहेरून, म्हणजे वरचा निस्तेज थर निघून तो खालच्या रंगाकडं सरकतो. क्लिअर कोट सगळा मिळून पन्नास मायक्रॉनही नसतो, तेव्हा एकदा मोठ्या दाण्याचं, एकदा बारीक, आणि थांबा. पत्र्याच्या धारेवर टेप लावून ठेवा, तिथं रंग सगळ्यात पातळ. शेवटी वॅक्स.

पाणी पडलं की आमची अक्षरं आता पूर्ण गायब होतात, वाळली की संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पुसटशी परत येतात. मामा रोज पाच वाजता बोळात खुर्ची टाकून बसतात आणि दिसतंय का बघतात.

मागचा डावा दरवाजा मेच्या दुसऱ्या आठवड्यात उद्यमनगरात जाणार आहे. पेंटरकाका म्हणालेत, वळवाच्या आत आणा, आणि वहिनी, त्याच्यावर काहीही चिकटवायचं असलं तर महिनाभर मला तोंड दाखवू नका.